गायरान, देवराई आणि माळ : वृक्षदान करू इच्छिणाऱ्या भाविकांसाठी

सोलापूरला उतरून तुळजापूर, अक्कलकोट अथवा पंढरपूरकडे निघालेल्या भाविकास प्रवासात सर्वाधिक वेळ सोबत करतो तो उघडा माळ. भाद्रपद-आश्विनात त्यावर गुडघाभर गवत डोलत असते, मार्गशीर्षात ते सोनेरी होते आणि चैत्र उजाडेपर्यंत नुसता मुरूम उरतो. उन्हाळ्यात येणाऱ्याच्या मनात साहजिकच प्रश्न येतो, की एवढी जमीन ओसाड का ठेवली आहे आणि येथे झाडे का लावीत नाहीत?

याच विचाराने काही भाविक देवस्थानाच्या देणगी कक्षात येतात. आई-वडिलांच्या स्मरणार्थ, नवसाच्या फेडीसाठी अथवा मुलाच्या विवाहाप्रीत्यर्थ एकशे आठ झाडे लावावयाची त्यांची इच्छा असते; पैसे देण्याची तयारी असते, फक्त जागा दाखवावी एवढेच म्हणणे असते. भावना वंदनीय आहे. तथापि जागा कोणती, झाड कोणते आणि तिसऱ्या उन्हाळ्यात त्या झाडाची राखण कोण करणार, या तीन प्रश्नांची उत्तरे पावती फाडण्यापूर्वीच मिळावयास हवीत. ती शोधण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

गायरान कोणाचे?

ज्या जमिनीवर सार्वजनिक वन उभे करावे असे आपणांस वाटते ती बहुतेक वेळा गावाचे गायरान असते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ अन्वये शासनाच्या मालकीची बिनभोगवट्याची जमीन गावातील गुरांच्या मोफत चराईसाठी, गवतासाठी, वनासाठी किंवा दहन-दफनासारख्या सार्वजनिक कामासाठी राखून ठेवता येते. म्हणजे जमीन शासनाची, देखरेख बहुधा ग्रामपंचायतीची आणि वापर साऱ्या गावाचा. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानेही गायरानांच्या वाटपावर कडक बंधने घातली. यास्तव कोणतेही देवस्थान, कितीही शुद्ध हेतूने का होईना, गायरानावर आपले वन म्हणून कुंपण घालू शकत नाही. ग्रामसभेचा ठराव आणि महसूल खात्याची परवानगी ही पहिली पायरी होय. देवस्थानच्या स्वतःच्या इनाम जमिनीची गोष्ट निराळी. तरी तेथेही वापर बदलताना धर्मादाय आयुक्त व महसूल खाते यांच्याकडील नियम पाहावे लागतात.

कायद्याचा हा भाग रुक्ष वाटेल, पण त्यामागे एक जुनी समज आहे. गायरान रिकामे कधीच नव्हते. खिलार बैलाचा लौकिक सांगोला, मंगळवेढा, आटपाडी, जत या कमी पावसाच्या टापूतील गवतावर वाढला. श्री सिद्धेश्वरांच्या मकरसंक्रांतीच्या यात्रेत आणि पंढरीच्या कार्तिकी यात्रेत वाखरीला जनावरांचा बाजार भरत आला, तो या कुरणांच्या बळावर. धनगर समाजाची दख्खनी मेंढी त्याच माळावर जगली. मंगळवेढे तालुक्यातील हुलजंती येथे दिवाळीत महालिंगरायाची यात्रा भरते. तेथे जमणाऱ्या मेंढपाळांना विचारले तर माळाला ओसाड म्हणणारा एकही सापडणार नाही. तेव्हा गायरानावर वन करावयाचे म्हणजे कोणाच्या तरी पोटाच्या साधनात हात घालावयाचा असतो, हे आरंभीच ध्यानी घ्यावे.

सागरेश्वर : उघड्या डोंगराचे वन

कुरणाचे वन होऊ शकते काय? होऊ शकते. त्याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव, पलूस व वाळवा या तीन तालुक्यांच्या सीमेवर, कृष्णाकाठापासून जवळच, सागरेश्वराचे प्राचीन शिवस्थान आहे. एक मोठे मंदिर आणि त्याभोवती लहान लहान मंदिरांचा समूह अशी त्याची रचना असून श्रावणात तेथे भाविकांची रीघ लागते. पायथ्याचे देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. येथील डोंगर वर्षानुवर्षांच्या चराईने व तोडीने उघडे पडले होते. स्वातंत्र्यसैनिक व समाजवादी कार्यकर्ते धों. म. मोहिते यांनी या डोंगरांवर पुन्हा वन उभे करण्याचा ध्यास घेतला. परिसरातील कार्यकर्ते व ग्रामस्थ त्यांच्या पाठीशी उभे राहिले, वन खात्याची जोड मिळाली आणि अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १९८५ मध्ये सागरेश्वर अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर आहे. आज ते यशवंतराव चव्हाण सागरेश्वर अभयारण्य या नावाने ओळखले जाते.

अभयारण्य म्हटले की निसर्गाने आयते दिलेले जंगल आपल्या डोळ्यांसमोर येते. सागरेश्वर तसे नाही. ते माणसांनी घडविलेले आहे. तेथे बारमाही पाण्याचा झरा नाही, त्यामुळे वन्यप्राण्यांसाठी पाण्याची सोय करावी लागली. सांबर, चितळ, काळवीट हे प्राणीही बाहेरून आणून सोडलेले आहेत. देवदर्शनास आलेला माणूस दर्शन झाल्यावर त्याच डोंगरात फिरू शकतो आणि माथ्यावरून कृष्णेचे खोरे पाहू शकतो. देवस्थान आणि वन एकमेकांस कसे आधार देतात याचा याहून जवळचा दाखला आमच्या पाहण्यात नाही.

मात्र येथे एक गोष्ट नीट पाहावी. सागरेश्वर हा डोंगर आहे. त्याला उतार आहेत, घळी आहेत, खडकांच्या फटी आहेत. अशा जागी शुष्क पानझडीची व काटेरी झाडे मुळात वाढत होतीच. त्यांना संधी मिळाली नव्हती, एवढेच. सोलापूरचा सपाट माळ हे निराळे प्रकरण आहे, आणि ते समजून घेण्यासाठी दुसऱ्या एका ठिकाणी जावे लागते.

नान्नज : जेथे झाड अडचण ठरले

सोलापूरहून बार्शी रस्त्याने साधारण वीस किलोमीटरवर नान्नज आहे. माळढोक या पक्ष्यासाठी हे गाव प्रसिद्ध झाले. हा जड शरीराचा, लांब मानेचा पक्षी उघड्या माळावर राहतो, जमिनीवरच बहुधा एकच अंडे घालतो आणि चहूकडे दूरवर नजर जाईल अशीच जागा निवडतो, म्हणजे लांडगा-कोल्हा येताना दिसतो. १९७० च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली नान्नज-मार्डी परिसरातील काही तुकडे चराईपासून राखण्यात आले. गवत परतले आणि माळढोक तेथे विसावला. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य घोषित झाले. सुरुवातीचे त्याचे क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होते, म्हणजे त्यात गावे, शेते, रस्ते, बाजार सर्वच आले. पुढे ते घटवून बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणण्यात आले.

त्या दशकांत महाराष्ट्रभर पडीक जमीन हिरवी करण्याची मोहीम जोरात होती. लवकर वाढणारी म्हणून गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी अशी परदेशी झाडे लावण्यात आली, आणि माळढोकच्या माळावरही झाडे आली. हेतू चांगलाच होता. परंतु झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या तशी माळढोकची नजर अडली, सावलीत गवत विरळ झाले, आणि पक्षी-अभ्यासकांना सांगावे लागले की या भूमीवर झाड लावणे हीच हानी आहे. पुढे काही तुकड्यांतील परदेशी झाडे काढून माळ पुन्हा मोकळा करण्यात आला. माळढोकच्या ऱ्हासाला हे एकच कारण नाही. शिकार, शेतीचा विस्तार, बागायत, विजेच्या तारा अशी अनेक आहेत. तरी आज नान्नजला माळढोक दिसणे ही दुर्मिळ गोष्ट झाली असून देशभरात उरलेल्या दीडशेच्या आसपास पक्ष्यांपैकी बहुतेक राजस्थानात आहेत. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल मात्र नान्नजच्या गवतात अजून नांदतात.

पुण्यकर्म समजून लावलेले रोप दुसऱ्या जिवाचे घर मोडू शकते, ही गोष्ट मनाला पटावयास जड जाते. आम्हांसही गेली.

माळ किती जुना?

पूर्वी येथे घनदाट अरण्य होते, ते तोडले गेले आणि मग माळ उरला, असे आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो. सह्याद्रीच्या काही भागांत ते खरेही आहे. परंतु सोलापूर हा पर्जन्यछायेचा प्रदेश. येथे सरासरी पाऊस पाचशे ते सहाशे मिलिमीटर, तोही लहरी, आणि त्याचा मोठा वाटा सप्टेंबरातील परतीच्या पावसाचा. माळावर मातीचा थर वीतभर, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. अशा जागी गवत आणि विरळ काटेरी झाडे हेच निसर्गाचे मूळ रूप असणे स्वाभाविक आहे.

याला अलीकडे एक सुंदर आधार मिळाला आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी तेराव्या ते विसाव्या शतकातील मराठी वाङ्मय, चरित्रग्रंथ व लोकगीते यांत कोणत्या रानझाडांचा उल्लेख येतो याचा शोध घेतला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पश्चिम महाराष्ट्राच्या पठारावरील ४४ वनस्पती मिळाल्या. त्यांतील २७ माळरानाच्या खुणा सांगणाऱ्या, तर दाट वनाच्या केवळ ३. म्हणजे संतांच्या काळीही हा मुलूख उघडा, गवताळ आणि काटेरी होता.

पंढरपूरला जाणाऱ्यांना याची खूण प्रत्यक्ष पाहता येते. मंगळवेढ्याच्या संत कान्होपात्रेने विठ्ठलाच्या पायांशी देह ठेवला आणि तिच्या समाधीच्या जागी तरटीचे झाड उगवले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. मंदिरात त्या झाडाला भाविक नमस्कार करतात. तरटी ही ना वड, ना पिंपळ. ती कोरड्या माळावरची काटेरी वनस्पती. पंढरीच्या मंदिरात जागा मिळालेले हे झाड कोणी रोपवाटिकेतून आणले नव्हते.

हीच गोष्ट नवग्रहांच्या समिधांतही दिसते. सूर्यासाठी रुई, चंद्रासाठी पळस, मंगळासाठी खैर, बुधासाठी आघाडा, गुरूसाठी पिंपळ, शुक्रासाठी उंबर, शनीसाठी शमी, राहूसाठी दूर्वा आणि केतूसाठी दर्भ. या नऊंत पाणी व खोल माती मागणारे मोठे वृक्ष दोनच, उंबर व पिंपळ. उरलेल्यांत कोरड्या रानातली झाडे आहेत, एक झुडूप आहे, एक आघाड्यासारखे तण आहे आणि शेवटची दोन तर गवतेच आहेत. नवग्रहवन करू इच्छिणाऱ्या देणगीदारांनी दूर्वा व दर्भ यांनाही वृक्षांइतकीच जागा द्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती राहील. बहुतेक नवग्रहवनांत ती दोन कुंडीत असतात.

मग झाड कोठे लावावे?

सपाट, गवताचा, नजर पोहोचेल तेथवर मोकळा माळ तसाच राखावा. त्यावर लागवड करू नये. परदेशी झाड आले असल्यास जाणत्यांच्या सल्ल्याने काढावे. वेडी बाभूळ तर आपणहून पसरते आणि एकदा मातली की गवत, गुरे व माणूस तिघांनाही शिरू देत नाही.

वन करावे ते ओढ्याकाठी, तलावाच्या पाणलोटात, टेकडीच्या उतारावर, मंदिराच्या आवारात आणि खाणीने किंवा नांगरटीने आधीच मोडलेल्या जमिनीवर. ओढ्याकाठी करंज, अर्जुनसादडा, उंबर, जांभूळ, शिंदी यांना पाणी पुरते. उतारावर हिवर, खैर, बोर, बाभूळ, पळस, आपटा, अंजन, मेडशिंगी, हिंगणबेट, बेल, शमी ही मंडळी शोभतात. कडेला तरवड असावा. नवरात्रात त्याची पिवळी फुले देवीच्या माळेला होतात. वड-पिंपळ पाराजवळ लावावेत, तेथे राबता असतो आणि पाणीही मिळते. अक्कलकोटच्या वटवृक्षाखाली बसून आल्यावर प्रत्येकाला वडच लावावासा वाटतो, हे आम्ही जाणतो. पण मुरमाड उतारावरचा वड दहा वर्षांनीही खांद्याएवढाच राहतो आणि लावणारा हिरमुसतो. आपट्याविषयी आणखी एक. दसऱ्याला सोने म्हणून त्याची पाने लुटली जातात, झाड ओरबाडून निघते. स्मरणार्थ आपटा लावणाऱ्याने दसऱ्याच्या आदल्या दिवशी तेथे राखणदार ठेवला पाहिजे.

हल्ली जपानी पद्धतीच्या दाट लागवडीची फार चर्चा आहे. अकिरा मियावाकी (१९२८-२०२१) या वनस्पतीशास्त्रज्ञांना तिची प्रेरणा मिळाली ती तेथील देवस्थानांभोवती शतकानुशतके राखलेल्या वनांतून. आपल्या देवराईच्याच जातीची ती कल्पना आहे. परंतु जपानमध्ये पाऊस आपल्या कितीतरी पट पडतो. चौरस मीटरला तीन-चार रोपे या हिशेबाने सोलापुरात लागवड केल्यास पहिली दोन-तीन वर्षे टँकरने पाणी घालावे लागते, आणि ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात माणसांसाठी टँकर धावतात तेथे हे शोभत नाही. शहरातील एखाद्या शाळेच्या आवारात, सांडपाणी शुद्ध करून वापरण्याची सोय असल्यास, जरूर करावे.

रोपे, खड्डे आणि तिसरा उन्हाळा

खड्डे वैशाखात खणून तापू द्यावेत. रोप एक-दोन वर्षांचे, त्याच हवामानात वाढलेले असावे. मृगाचा एखादा पाऊस पाहून घाई करू नये, जमिनीत ओल चांगली मुरल्यावरच लावावे. बाभूळ, खैर, बोर यांचे बी थेट टोबणे अधिक चांगले, कारण जागेवर उगवलेल्या रोपाचे सोटमूळ मुरमातून खाली जाते. पिशवीतल्या रोपाचे मूळ पुष्कळदा पिशवीतच वळलेले असते. रोपाशेजारी कच्च्या मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरून ठेवले की ते झिरपत राहते आणि एका मडक्यात काही दिवस निघतात. बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. बोराटीच्या फांद्यांची वई सिमेंटच्या खांबांहून स्वस्त पडते आणि शेळीला तीच अधिक कळते.

दुसऱ्या पावसाळ्यात मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावावीत, यास नांग्या भरणे म्हणतात. पहिल्या वर्षी लावणाऱ्यांची छायाचित्रे निघतात; नांग्या भरताना सहसा कोणी येत नाही. २०१७ ते २०१९ या काळात राज्य शासनाने ५० कोटी वृक्षलागवडीचा संकल्प केला होता, त्यात अनेक देवस्थानांनी व शाळांनीही भाग घेतला. त्यातील आकडे रोपे किती लागली याचे होते. राहिली किती, हा प्रश्न नंतर विधिमंडळापर्यंत गेला. देवस्थानांनी तरी आपल्या हिशेबवहीत लागवडीचा रकाना ठेवूच नये, तीन वर्षांनंतर जिवंत असलेल्या झाडांचाच ठेवावा, असे आमचे मत आहे.

सर्वांत मोठे भय आगीचे. माघापासून गवत वाळते, रस्त्याने जाणाऱ्याची एक विडी पुरते. म्हणून पौषातच वनाभोवती गवत कापून जाळरेषा काढाव्या लागतात. हे काम दरवर्षी करावयाचे असते, आणि त्यासाठी देणगी मागताना आम्हांस संकोच वाटतो, कारण त्यावर कोणाच्या नावाचा फलक लावता येत नाही.

मेंढपाळाशी बोलणे

सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास डॉ. माधव गाडगीळ व डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केला, त्यांतून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. त्या वनांचे रक्षण केले होते गावाच्या सामाईक संमतीने आणि देवाच्या धाकाने. तेथे वाळलेली काटकीही उचलावयाची नाही, असा कित्येक ठिकाणी दंडक होता. नवे वन करताना देवाचा धाक आयता मिळत नाही. संमती तेवढी मिळविता येते.

राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार या गावांनी चराईबंदी व कुऱ्हाडबंदी केली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातली खुबी अशी की हिवरेबाजारात गुरे सोडण्यास बंदी झाली तरी गवत गावालाच मिळाले. विळ्याने कापून भारे घरी न्यावयाचे. गवत वाढले, दूध वाढले, मग बंदी कोणाला जाचली नाही. ज्याच्याकडे गोठा आहे त्याला हे जमते. मेंढपाळाला गोठा नसतो. त्याचा कळप फिरता, त्याला पावसाळ्यानंतरचे काही आठवडे, पाण्याची एक वाट आणि बसावयाला वाडगे हवे असते. ते ठरावात लिहून द्यावे. कुरणाचे तीन-चार भाग करून आळीपाळीने एकेक मोकळा ठेवला तर कोवळ्या रोपांनाही वेळ मिळतो; शिवाय माळावर थोडी चराई ही इष्टच, कारण पूर्ण बंद ठेवलेल्या तुकड्यात काही वर्षांनी झुडपे माजतात व गवत मागे पडते. मेंढपाळाला न विचारता घातलेले कुंपण पहिल्या दुष्काळात तुटते, आणि त्यात आम्ही त्याला दोष देणार नाही.

श्री सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात सोन्नलगीस, म्हणजे आजच्या सोलापुरात, लोकांना सोबत घेऊन तलाव निर्माण केला, अशी परंपरा सांगते. त्या तलावावर माणसांइतकाच गुरांचा हक्क होता. सामाईक वनाची कल्पना करताना हा तलाव डोळ्यांपुढे ठेवावा.

देणगीदारांस विनंती

लागवडीसाठी देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी ती शक्यतो तीन वर्षांत विभागून द्यावी. पहिल्या वर्षाहून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खर्च कमी असतो, पण गरज अधिक असते. राखणदाराचे वेतन, मडकी, वई, जाळरेषा, बी गोळा करणाऱ्या बायकांची मजुरी यांसाठी दिलेले दान वृक्षदानच होय. आपल्या नावाचे झाड दाखवावे, असा आग्रह धरू नये. झाडाच्या खोडाला खिळा ठोकून पत्रा लावण्याची प्रथा तर बंदच व्हावी. नावे प्रवेशद्वारी एका शिळेवर कोरता येतात. ज्यांना केवळ माळ राखण्यासाठी, म्हणजे एकही झाड न लावण्यासाठी, देणगी द्यावयाची असेल त्यांचेही स्वागत व्हावे. असा देणगीदार अद्याप विरळा आहे.

परदेशी व परगावी असलेल्या भाविकांसाठी दोन दाखले. इंग्लंडमध्ये सेंट अल्बन्स शहराजवळ वुडलँड ट्रस्ट या संस्थेने २००८ मध्ये साडेआठशे एकरांहून अधिक शेतजमीन घेतली आणि हजारो स्वयंसेवकांच्या हातून सुमारे सहा लाख देशी झाडे लावली; तरीही काही भाग फुलांच्या कुरणांसाठी मुद्दाम मोकळा ठेवला. पुण्यात वारजे येथील टेकडीवर वन खाते, महानगरपालिका व खासगी संस्था यांनी सोळा हेक्टरांहून अधिक उजाड जमिनीवर २०१५-१६ पासून वन उभे केले, आणि जून २०२० मध्ये केंद्र शासनाने देशात २०० नगरवने करण्याची योजना जाहीर केली तेव्हा वारज्याचेच उदाहरण पुढे ठेवले. दोन्ही ठिकाणी लोकांना फिरावयास वाटा आहेत.

वनात व माळावर जाताना

आखलेल्या पायवाटेनेच जावे. जमिनीवर घरटे करणारे पक्षी पावसाळ्यात अंडी घालतात, ती दिसत नाहीत, पायाखाली येतात. झाडांना धागे, नाणी, प्लास्टिकच्या पिशव्या बांधू नयेत. नवस असल्यास पारावर बोलावा. प्रसादाचे उरलेले अन्न प्राण्यांस घालू नये. निर्माल्य वनात टाकू नये. माघ ते ज्येष्ठ या काळात उदबत्ती, विडी अथवा चूल पेटवू नये.

नान्नजचा माळ पाहावयाचा असेल तर पावसाळा संपता संपता, सूर्योदयाच्या सुमारास जावे. वन खात्याची परवानगी व स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा. काळवीटांचे कळप बहुधा दिसतात. माळढोक दिसेल अशा आशेने जाऊ नये. सागरेश्वरला रेल्वेने जाणाऱ्यांसाठी पुणे-मिरज मार्गावरील ताकारी हे जवळचे स्थानक आहे. श्रावण सोमवारी मंदिरात गर्दी असते. डोंगरात निवांत फिरावयाचे असल्यास आठवड्यातील दुसरा दिवस निवडावा आणि पिण्याचे पाणी सोबत न्यावे.